गंभीर अपघातानंतर प्रतिकारशक्तीचे काय होते आणि सेप्सिसचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही का टिकतो?

वैनगंगातीर (धागाकर्ती)

नागपुरातील दवाखान्यांत येणारा गंभीर अपघाताचा रुग्ण पुष्कळदा नागपूरचा नसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ या जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाट येथून तो मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत, नाही तर धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या खाजगी रुग्णालयात आणला जातो. रक्तस्राव थांबतो, मोडलेले हाड बसवले जाते, पहिले दोन-तीन दिवस निभावतात आणि घरच्या मंडळींना वाटते की संकट टळले. मग दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर सेप्सिसचे, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयवांचे काम बिघडण्याचे, नाव घेतात आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो की ऑपरेशन चांगले झाले असताना हे आता कुठून आले. मी भूलशास्त्र आणि अतिदक्षता या क्षेत्रांत काम करते. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर विभागाच्या दारात उभ्याउभ्या देता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मोठ्या इजेत हाडे, फुप्फुसे किंवा पोटातले अवयव यांच्याबरोबर रोगप्रतिकार यंत्रणाही जखमी होते, आणि ही जखम एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्नायू चिरडले गेले, हाड तुटले की लाखो पेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत बंद असणारे पदार्थ रक्तात मिसळतात. त्यांत एचएमजीबी-१ सारखी प्रथिने असतात, डीएनएचे तुकडे असतात आणि मायटोकाँड्रियाचे अवशेषही असतात. मायटोकाँड्रिया हे आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे घटक असले तरी त्यांचे पूर्वज जिवाणू होते आणि त्यांच्या डीएनएवर ती छाप आजही आहे. बोस्टन येथील कार्ल हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिले की जखमी माणसाच्या रक्तात आलेले हे अवशेष पाहून पांढऱ्या पेशी जिवाणूंवर धावून जावे तशाच चवताळतात. जंतू एकही नसताना ताप येतो, नाडी वाढते, पांढऱ्या पेशींचा आकडा चढतो, तो यामुळे.

पूर्वी असे मानले जात असे की आधी दाहाची (ताप-सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेची) लाट येते आणि ती ओसरल्यावर तिची भरपाई म्हणून प्रतिकारशक्ती मंदावते. अमेरिकी डॉक्टर रॉजर बोन यांनी १९९६ मध्ये या दुसऱ्या टप्प्याला स्वतंत्र नावही दिले होते. पुढे २०११ साली अमेरिकेतील एका मोठ्या संशोधनगटाने गंभीर मुका मार लागलेल्या १६७ रुग्णांच्या पांढऱ्या पेशींतील जनुकांचे काम २८ दिवसांपर्यंत तपासले आणि चित्र बदलले. ८० टक्क्यांहून अधिक जनुकांच्या कामात फेरफार झालेला आढळला. दाह पेटवणारी जनुके आणि विशिष्ट जंतू ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या टी-पेशींना मंदावणारे बदल हे पहिल्या काही तासांतच एकाच वेळी सुरू झाले होते. ज्यांची प्रकृती सुरळीत सुधारली आणि ज्यांना गुंतागुंत झाली, त्यांच्यातील बदलांची जात एकच होती. फरक होता तो बदल किती मोठे आणि किती दिवस टिकले याचा. माझ्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण त्यातून असे दिसते की दहाव्या दिवशीच्या सेप्सिसची जमीन अपघाताच्या दिवशीच तयार झालेली असते.

ही मंदी पेशींच्या पातळीवर अशी दिसते. लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने मरतात. मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या आधारे त्या जंतूचा तुकडा टी-पेशींना दाखवून ओळख पटवतात. गंभीर इजेनंतर हे प्रथिन कमी होते, आणि ज्या रुग्णांत ते लवकर पूर्वपदावर येत नाही त्यांना संसर्गाचा धोका अधिक असतो. अस्थिमज्जा घाईघाईने अपक्व न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्तात सोडते, त्यामुळे रिपोर्टमधील आकडा भरघोस दिसला तरी त्या पेशी जंतू गिळण्यात आणि मारण्यात कमी पडतात. दुखापतीच्या ताणामुळे वाढलेले कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन हीच मंदी आणखी वाढवतात. भरपूर रक्त चढवावे लागले असेल तर त्याचाही प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, आणि डोक्याला किंवा मणक्यातील मज्जारज्जूला मार असेल तर मज्जासंस्थेकडून प्रतिकार यंत्रणेकडे जाणारे संदेशही बिघडतात.

नेमक्या याच काळात शरीराचे सगळे दरवाजे उघडे असतात. कातडी फाटलेली, श्वासनलिकेत नळी, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन नावाची नळी, मूत्राशयात कॅथेटर, आणि रक्तपुरवठा कमी पडल्याने आतड्याचे अस्तरही कमजोर झालेले. जंतू आत शिरतात आणि त्यांच्याविरुद्धचा प्रतिसाद एकीकडे अपुरा, तर दुसरीकडे स्वतःच्याच अवयवांना होरपळवणारा असा ठरतो. सेप्सिसची २०१६ पासून प्रचलित असलेली व्याख्या हेच सांगते: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयवांचे काम जीवघेण्या प्रमाणात बिघडणे. म्हणजे रक्तात जंतू सापडलेच पाहिजेत, अशी अट या व्याख्येत नाही.

काही रुग्ण या अवस्थेतून लवकर बाहेर येतच नाहीत. सौम्य दाह आणि दबलेली प्रतिकारशक्ती ही जोडी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, पुन्हा पुन्हा संसर्ग होतात आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडून प्रथिने वापरू लागते, जसे दुष्काळात एखाद्या घराने पेरणीसाठी राखलेले बियाणेही शिजवून खावे. फ्लोरिडा विद्यापीठातील शल्यविशारदांनी २०१२ मध्ये या स्थितीचे वर्णन केले. अशा रुग्णाला व्हेंटिलेटरवरून उतरवले तरी तो हात उचलू शकत नाही, आणि घरच्यांना वाटते की औषधे लागू पडत नाहीत.

प्रश्न विचारावेत. एखाद्या विशिष्ट रुग्णाच्या उपचारांविषयी मी येथे मत देणार नाही, पण प्रक्रिया समजावून सांगण्याचा प्रयत्न करेन.

संत्रानगरी

ताई, फार उपयुक्त लेख आहे. माझ्या धाकट्या भावाचा अमरावती रोडवर अपघात झाला होता. मांडीचे हाड मोडले होते आणि बरगड्यांमुळे फुप्फुसाला मार होता. दुसऱ्या दिवशी त्याला चांगला ताप होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा संसर्ग नाही, काळजी करू नका. दुसऱ्या आठवड्यात मात्र ताप जवळजवळ नव्हता. तो फक्त असंबद्ध बोलू लागला होता आणि भराभर श्वास घेत होता, आणि त्याच डॉक्टरांनी सेप्सिसची शंका घेऊन तातडीने उपचार बदलले. भाऊ आता बरा आहे. तरीही ताप असताना संसर्ग नाही आणि ताप नसताना संसर्ग आहे, हे गणित आम्हाला तेव्हा समजले नाही आणि नीट समजून घ्यायची इच्छा आहे.

वैनगंगातीर

आपला भाऊ बरा झाला हे वाचून समाधान वाटले. त्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा जे केले ते तर्काला धरून होते. पहिल्या दोन दिवसांतला ताप बहुधा फुटलेल्या पेशींमुळे आलेला असतो आणि हळूहळू उतरत जातो. आम्ही पाहतो ती प्रकृतीची दिशा. सुधारत चाललेल्या माणसाची गाडी अचानक उलटी फिरली, तर संसर्ग नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असे धरून शोध घ्यावा लागतो.

या उलट फिरण्याच्या खुणा तापाच्या आधी दिसू शकतात. श्वासाचा वेग मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक होणे, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली येणे आणि शुद्धीत फरक पडणे या तीन खुणा खाटेशेजारी उभे राहून कोणालाही तपासता येतात. केवळ या तिघांवर विसंबून सेप्सिस नाही असे म्हणू नये, असा सल्ला २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिला आहे, म्हणून त्यांच्या जोडीला लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, रक्तातील लॅक्टेट वाढणे, प्लेटलेट घसरणे, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन चढणे आणि नळीतून दिलेले अन्न पोटात साचून राहणे याही गोष्टी पाहाव्या लागतात. ज्याची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्याला अनेकदा ताप आणण्याइतका जोरच नसतो. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेले तापमान हे मला ३९ अंशांइतकेच, काही वेळा त्याहून जास्त, अस्वस्थ करते.

आणखी एक गोष्ट सांगते. नातेवाइकांपैकी कोणी म्हणाले की ‘आज हा नेहमीसारखा वाटत नाही’, तर मी त्या वाक्याला किंमत देते. त्या माणसाचा स्वभाव, त्याची बोलण्याची लकब आमच्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते, आणि शुद्धीतला बारीक फरक आधी त्यांच्याच लक्षात येतो.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे तपासण्यांविषयी थोडे लिहितो. सीआरपी हे प्रथिन इजेनंतर जंतूंशिवायही वाढते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाते. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातील दुसरी खूण त्याहून लवकर वाढते आणि लवकर उतरू लागते. म्हणून अपघाताच्या रुग्णात एखाद्या दिवसाचा सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. उतरणीला लागलेला आकडा पुन्हा वर चढला, तर त्या दुसऱ्या चढाकडे लक्ष द्यावे. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर नातेवाईक एकूण पांढऱ्या पेशी पाहतात. मी त्यांना लिम्फोसाइटचा आकडाही पाहायला सांगतो. तो दिवसेंदिवस खालीच राहिला, तर ती चांगली खूण नव्हे. मोनोसाइटवरील एचएलए-डीआर मोजण्याची तपासणी संशोधनात उपयोगी ठरली आहे, परंतु आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांत ती नित्याची नाही.

ब्लड कल्चरविषयी, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीविषयी, मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. प्रौढ माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त असावे, दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच घ्यावेत आणि शक्यतो नवे प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावेत. दोन-तीन मिलिलिटर रक्त भरलेली एकच बाटली आमच्याकडे येते आणि मग ‘वाढ नाही’ असा अहवाल गेला की सगळ्यांना हायसे वाटते. त्या अहवालाला फारसा अर्थ नसतो. जंतू वाढण्यास एक-दोन दिवस आणि कोणते औषध लागू पडेल हे कळण्यास आणखी एक दिवस लागतो. तोवर डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते, आणि अहवाल आल्यावर ते बदलले तर त्यात आधीचे उपचार चुकले असे काही नसते.

धानपट्टा

मी पूर्व विदर्भात शासकीय सेवेत वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडून नागपूरला रेफर केलेला रुग्ण पोहोचेपर्यंत कित्येकदा तासन्तास जातात. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिचा मोठा आधार आहे, पण अंतर ते अंतरच. ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्रतिकारशक्ती पहिल्याच दिवशी खचत असेल, तर प्रत्येक गंभीर जखमीला आमच्याकडेच सर्वांत वरच्या श्रेणीचे प्रतिजैविक का सुरू करू नये? नागपुरात पोहोचल्यावर ते देणार असतीलच, तर आम्हीच आधी दिलेले काय वाईट?

सूक्ष्मदर्शी

भाऊ, तुमची कळकळ मी समजू शकतो, पण या सूचनेशी मी सहमत नाही. पहिल्या दिवशी उघड्या जखमेत असणारे जंतू बहुतांशी कातडीवरचे किंवा मातीतले असतात आणि ते साध्या औषधांना दाद देतात. रुग्णालयातल्या दुसऱ्या आठवड्यातील जंतू वेगळे असतात: क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास. भारतातील अतिदक्षता विभागांत यांच्यापैकी अनेक जंतू कार्बापेनेम या वरच्या श्रेणीच्या प्रतिजैविकांच्या गटालाही जुमानत नाहीत, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. पहिल्या दिवशी वरच्या श्रेणीचे औषध देऊन आपण आतड्यातील निरुपद्रवी जंतू मारतो आणि नेमक्या या चिवट जंतूंना जागा करून देतो. त्या वेळी प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि हाताशी कोलिस्टिनसारखी मूत्रपिंडाला इजा करू शकणारी औषधेच उरतात.

वैनगंगातीर

दोघांचेही म्हणणे मला एका ठिकाणी जुळताना दिसते. हाड उघडे पडलेल्या जखमेत पहिले प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, आणि जमल्यास पहिल्या तासात, द्यावे हे सर्वमान्य आहे, आणि ते सेफॅझोलिनसारखे साधे औषध असते; जखम फार मोठी किंवा मातीने भरलेली असेल तर त्यात भर घालतात. म्हणजे धानपट्टा यांनी तिथेच औषध सुरू करावे हे अगदी बरोबर; ते सर्वांत वरच्या श्रेणीचे असण्याची गरज नाही. बंद जखमेच्या रुग्णाला ‘सेप्सिस होऊ नये म्हणून’ दिवसेंदिवस प्रतिजैविक देत राहण्याने सेप्सिस टळत नाही.

ग्रामीण रुग्णालयात पहिल्या तासात होणाऱ्या आणखी दोन गोष्टी माझ्या मते प्रतिजैविकाहूनही मोठ्या आहेत. जखम भरपूर स्वच्छ सलाईनने धुणे, आणि रक्तस्राव थांबवणे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या २०,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत दिसले की ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड पहिल्या ३ तासांत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. हे औषध स्वस्त आहे. रक्त जितके कमी वाहील, शॉकची (अवयवांना रक्त अपुरे पडण्याची) वेळ जितकी कमी राहील, तितकी पेशींची हानी कमी, आणि मी वर वर्णन केलेली सगळी साखळी तितकी सौम्य.

धानपट्टा

पटले. एक विनंती मात्र नागपूरच्या मंडळींना आणि आमच्या सहकाऱ्यांनाही करतो: रेफर चिठ्ठीवर प्रतिजैविकाचे नाव, मात्रा आणि दिल्याची वेळ ठळक लिहावी आणि ती वाचावी. धनुर्वाताच्या लसीबाबतही हेच. ‘प्राथमिक उपचार दिले’ या तीन शब्दांतून पुढच्या डॉक्टरला काहीही कळत नाही. शेतात ट्रॅक्टरखाली किंवा थ्रेशरमध्ये सापडलेल्या माणसाच्या जखमेत माती, भुसा, शेण असे सर्व असते. अशा जखमेच्या कडा काही दिवसांत काळ्या पडून तो काळेपणा वेगाने पसरू लागला, तर बुरशीचा संसर्गही ध्यानात घ्यावा. म्युकर ही बुरशी कोविडच्या काळात सर्वांना माहीत झाली, पण मातीने माखलेल्या जखमांतून ती आपल्या देशात त्याआधीपासून आढळत आली आहे, आणि तिथे प्रतिजैविके वाढवत बसण्यात मोलाचा वेळ जातो. मेलेला भाग काढून टाकणे आणि बुरशीविरोधी औषध, दोन्ही तातडीने लागतात.

फुटाळा

ताई, दोन शंका आहेत. दाह इतका घातक असेल तर स्टिरॉइड देऊन तो दाबत का नाहीत? आणि याच्या उलट, प्रतिकारशक्ती कमी झाली असेल तर ती वाढवणारे काही देता येत नाही का? आमच्या एका नातेवाइकांच्या वेळी घरातील ज्येष्ठांचा गुळवेलीचा काढा नळीतून देण्याचा फार आग्रह होता.

वैनगंगातीर

पहिल्या शंकेचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. डोक्याला मार लागलेल्यांना स्टिरॉइड देण्याची पद्धत अनेक वर्षे जगभर होती. क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्णांवर तिची पारख झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला की पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब औषधांनीही सावरत नसेल तेव्हा हायड्रोकॉर्टिसोन कमी मात्रेत देतात, ती गोष्ट वेगळी आहे. दाहातील एकेक रेणू अडवणारी कित्येक औषधेही सेप्सिसमध्ये तपासली गेली आणि फोल ठरली; मान्यता मिळून बाजारात आलेले एक औषध, ड्रोट्रेकोजिन अल्फा, नव्या चाचणीत उपयोग न दिसल्याने २०११ मध्ये मागे घेण्यात आले. दाह आणि मंदी दोन्ही एकाच वेळी एकाच शरीरात चालू असताना फक्त एक बाजू दाबणे किती कठीण आहे, हे यातून दिसते.

प्रतिकारशक्ती उचलणाऱ्या औषधांवर, उदाहरणार्थ जीएम-सीएसएफ आणि इंटरफेरॉन गॅमा यांवर, संशोधन चालू आहे. एचएलए-डीआर मोजून ज्याची प्रतिकारशक्ती खरोखर दबली आहे त्यालाच असे औषध देणे, ही त्यातली मला सर्वांत आशादायक वाटणारी दिशा आहे. ते अजून नित्याच्या उपचारांत आलेले नाही.

काढ्याबाबत स्पष्टच लिहिते: नळीतून डॉक्टरांना न विचारता काहीही देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याचे रुग्ण आपल्याच देशातील यकृततज्ज्ञांनी नोंदवले आहेत, आणि गंभीर जखमी माणसाच्या यकृताला अधिक ओझे पेलवणारे नसते. घरच्यांची काही तरी करण्याची तळमळ मी जाणते. त्या तळमळीला योग्य वाट म्हणजे आहाराविषयी विचारणे. आतडे काम करत असेल तर नळीतून अन्न पहिल्या २४ ते ४८ तासांत सुरू करावे, असे शास्त्र सांगते. त्याने आतड्याचे अस्तर टिकते. रोज ठरलेल्या प्रथिनांपैकी किती पोटात गेली, तपासणीसाठी उपाशी ठेवल्यामुळे किती राहून गेली, हे रोज विचारा. रुग्णाला त्याचा खरा उपयोग होतो.

रात्रपाळी

मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. वरच्या चर्चेत औषधे पुष्कळ आली, म्हणून खाटेजवळच्या कामाविषयी लिहिते, कारण दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाचे रक्षण त्याच कामाने होते.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उचललेले असावे, मणक्याला मार असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे. तोंडाची स्वच्छता ठरलेल्या वेळी व्हावी, कारण तोंडातील स्राव खाली झिरपूनच न्यूमोनिया होतो. दर सकाळी प्रत्येक नळीबद्दल एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: ही आजही हवी आहे का? लघवी मोजायची म्हणून घातलेले कॅथेटर मोजण्याची गरज संपल्यावरही राहते, सेंट्रल लाइन ‘असू द्या, कामी येईल’ म्हणून राहते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली हवी आणि ती जमिनीला टेकता कामा नये. रुग्णाला स्ट्रेचरवर हलवताना तीच पिशवी त्याच्या पोटावर ठेवलेली मी पाहते तेव्हा जीव कासावीस होतो.

भेटीला येणाऱ्यांनी चपला बाहेर काढल्या की कर्तव्य पूर्ण झाले असे समजू नये. जंतू हातांवरून जातात. आत येताना आणि बाहेर जाताना हात धुवा, आणि सिस्टरने, डॉक्टरने, एक्स-रे काढणाऱ्याने हात धुतले नसतील तर नम्रपणे आठवण करून द्या. माझ्या विभागात कोणी असे सांगितले तर मला राग येत नाही.

आणि वॉर्डात हलवल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस जपावे. आयसीयूमध्ये एका परिचारिकेकडे एक-दोन रुग्ण असतात, वॉर्डात कित्येक पटींनी अधिक. तिथे रुग्णाच्या श्वासाकडे सतत पाहणारी व्यक्ती बहुधा नातेवाईकच असते. छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायला मी प्रत्येक घरातील एकाला तरी शिकवते.

अंबाझरी

माझ्या आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे. मधुमेह आहे. न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया ठरली आहे. हा काही रस्त्यावरचा भीषण अपघात नव्हे. तरीही हा धागा तिला लागू होतो का?

वैनगंगातीर

होय, लागू होतो. वाढत्या वयात टी-पेशींचा साठा आधीच आटलेला असतो आणि न्यूट्रोफिलांची चपळाई कमी झालेली असते, त्यामुळे तरुणाच्या मानाने लहान इजाही शरीराला मोठी पडते. शस्त्रक्रिया ही दुसरी इजा असली तरी खुब्याच्या मोडीत ती लांबवणे अधिक धोक्याचे आहे. प्रकृती साथ देत असेल तर ती एक-दोन दिवसांत उरकावी, म्हणजे आई लवकर उठून बसेल, खोल श्वास घेईल आणि न्यूमोनिया व शय्याव्रण दोन्ही टळण्याची शक्यता वाढेल. साखर फार चढू देऊ नये आणि फार खालीही आणू नये. २००९ मधील नाइस-शुगर या मोठ्या चाचणीत अतिदक्षतेतील रुग्णांची साखर अगदी काटेकोरपणे खाली ठेवल्याने मृत्यू वाढलेले दिसले, म्हणून आता साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. आईंना ताप येण्याची वाट पाहू नका. जेवण अचानक सोडणे, दिवसा झोपून राहणे, माणसे न ओळखणे, एवढ्यावरही डॉक्टरांना बोलवा.

घरी सुट्टी झाल्यावरची एक गोष्ट नागपूरकरांसाठी मुद्दाम लिहिते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना नुकताच दवाखान्यातून आलेला माणूस तापला, बरळू लागला, लघवी कमी झाली, तर घरात पहिले वाक्य निघते की ऊन लागले. कांद्याचा रस, कैरीचे पन्हे, ओले फडके यांत अर्धा दिवस जातो. उष्माघात आणि सेप्सिस दोन्ही तातडीचेच आजार आहेत आणि घरी बसून त्यांतला फरक मला डॉक्टर असूनही सांगता येणार नाही. ज्याला अलीकडे मोठी इजा झाली आहे त्याला अशा वेळी सरळ भरती करावे.

संत्रानगरी

शेवटची एक शंका. भावाच्या शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडचा एक मुलगा होता. पोटाला मार लागून त्याची प्लीहा काढावी लागली होती. त्याच्या वडिलांशी आमचा अजून संपर्क आहे. तो आता शेतात कामाला जातो आणि ठणठणीत आहे. त्यालाही हा धोका राहतो का?

वैनगंगातीर

राहतो, आणि त्याचा धोका या धाग्यातील इतरांपेक्षा वेगळा आहे, कारण तो काही आठवड्यांत संपत नाही. प्लीहा, म्हणजे आपली पांथरी, रक्तातून जंतू गाळून काढते. विशेषतः न्यूमोकोकससारख्या आवरण असलेल्या जंतूंविरुद्ध तिची फार मदत होते. ती नसताना साध्या तापापासून सेप्सिसपर्यंतचा प्रवास काही तासांत होऊ शकतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत हा धोका सर्वाधिक असतो, पण आयुष्यभर पूर्णपणे जात नाही. म्हणूनच आता शल्यविशारद शक्य असेल तेथे शस्त्रक्रिया न करता प्लीहा वाचवण्याचा प्रयत्न करतात.

त्याच्या वडिलांना हे विचारा. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या तीन लसी त्याला मिळाल्या का? तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर त्या साधारण १४ दिवसांनी देतात, आणि नेमक्या त्याच सुमारास सुट्टी झाल्यामुळे त्या राहून जाऊ शकतात. राहिल्या असतील तर आजही घेता येतात. काहींचे पुढील डोसही असतात. ताप आल्यास लगेच घ्यायचे प्रतिजैविक डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवावे, पहिली मात्रा घ्यावी आणि त्याच वेळी दवाखान्याकडे निघावे. कुत्रा चावल्यास रेबीजच्या लसीबरोबर प्लीहा नसल्याचेही सांगावे, कारण कुत्र्याच्या लाळेतील काही जंतू अशा माणसात गंभीर सेप्सिस करतात. गडचिरोलीत मलेरिया आहे आणि प्लीहा नसलेल्या माणसात तो फार तीव्र होऊ शकतो, त्यामुळे त्याने मच्छरदाणी कधीही चुकवू नये आणि कोणत्याही तापात मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. एका कागदावर ‘प्लीहा काढलेली आहे’ असे मराठीत आणि इंग्रजीत लिहून, लसींच्या तारखा टाकून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या खिशात ठेवायला सांगा.

संत्रानगरी

आत्ताच त्याच्या वडिलांना फोन केला. लस एकही झालेली नाही. त्यांना तसे सांगितले गेले होते की नाही हेही आठवत नाही. सोमवारी ते मुलाला घेऊन नागपूरला येत आहेत. ताई, तुमचा वरचा प्रतिसाद छापून त्यांच्या हाती देतो.